नगर राहण्याजोगे कशाने होते? : इंदूरच्या इतिहासातील एक प्रकरण

नगरांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडील रीत राजघराण्यांच्या इतिहासापासून अद्याप फारशी सुटलेली नाही. कोट कोणी बांधला, वेशी किती होत्या, वाडा किती चौकांचा व किती मजल्यांचा होता, शहर कोणी लुटले आणि पुन्हा कोणी वसविले, एवढे सांगून झाले की त्या नगराचा वृत्तान्त पुरा झाला असे आपण समजतो. बखरकारांनी हेच केले. गॅझेटियरकारांनी त्यात जकातीचे व खानेसुमारीचे आकडे घालून पुन्हा हेच केले. परंतु त्या वाड्याच्या मागील बोळात राहणाऱ्या माणसाला पाणी कोठून मिळत होते, त्याच्या दारातला केर कोण उचलीत होता, साथ आली म्हणजे त्याच्या बायकामुलांचे काय होत होते, हे प्रश्न इतिहासकाराला क्वचितच पडलेले दिसतात. वस्तुतः एखादे नगर राहावयास चांगले की वाईट याचा निवाडा वाड्याच्या मजल्यांवरून व्हावयाचा नसून याच प्रश्नांच्या उत्तरांवरून व्हावयाचा आहे.

हा निवाडा करण्यास उपयोगी पडेल असे एक प्रकरण आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींच्या, घरातच पडून आहे. ते म्हणजे १९१७-१८ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने इंदूर शहरात केलेले काम आणि होळकर दरबारला सादर केलेला दोन खंडांचा अहवाल. नगररचनाशास्त्राचे विद्यार्थी जगभर या अहवालाचे नाव घेतात. ज्या शहराविषयी तो लिहिला गेला तेथील मराठी वाचकांना मात्र त्याची ओळख बेताचीच आहे. याच १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी त्याच शहराच्या गल्ल्यांतून एक दाढीवाला वृद्ध साहेब हातात नकाशा घेऊन हिंडत होता, हे मात्र आपल्या सांगण्यात येत नाही.

इंदूर हे कोणी एका बैठकीत आखलेले शहर नव्हे. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या आश्रयाने जुनी वस्ती वाढली. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. एकीकडे राजवाडा, सराफा व बाजार, दुसरीकडे इंग्रजांची रेसिडेन्सी, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मालवा मिल, हुकुमचंद मिल यांसारख्या कापडगिरण्या, अशा तीन निरनिराळ्या वस्त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. रेसिडेन्सीत बागा होत्या. गिरणीच्या आसपास चाळी व झोपड्या. नद्या दोघींच्याही मधून वाहत होत्या आणि जो तो आपापली घाण त्यांच्या पात्रात लोटीत होता.

या वाढत्या शहरांवर प्लेग येऊन कोसळला. १८९६ साली तो मुंबईस प्रकट झाला आणि वर्षभरात त्याने पुणे गाठले. पुण्यातील १८९७ ची हकिकत मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. पण आपण ती बहुधा राजकारणाची हकिकत म्हणून वाचतो, ती नगरशासनाची हकिकत म्हणूनही वाचली पाहिजे. रँडच्या अध्यक्षतेखालील कमिटीने गोऱ्या सोजिरांकडून घरे तपासविली. सामान रस्त्यावर फेकले, जाळले. रोग्यांना ओढून इस्पितळात व त्यांच्या घरच्या माणसांना सेग्रिगेशन छावणीत नेले. स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट गेले. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. या सर्व धामधुमीतील क्रूर विनोद असा की, ज्या रोगासाठी हा जुलूम चालला होता त्या रोगाचे वर्म जुलूम करणाऱ्यांस ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोचतो हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराची येथे दाखविले, आणि तेही सर्वमान्य होण्यास पुढे आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे सोजीर घरातील माणसे बाहेर काढीत होते, आणि उंदीर शेजारच्या घरात जात होते!

त्याच काळात दुसरी एक सेवाही पुण्यात चालली होती. आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रोगी पोचविताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. टिळकांनी शहर न सोडता हिंदूंसाठी इस्पितळ चालविण्यात भाग घेतला. साथ एकच, शहर एकच. परंतु नगरवासीयांना संशयित मानणारी एक दृष्टी आणि त्यांना आपले मानणारी दुसरी, अशा दोन दृष्टी तेथे समोरासमोर उभ्या होत्या.

मुंबईत याच प्लेगमधून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. दाट वस्त्या पाडावयाच्या, त्यांतून रुंद सरळ रस्ते काढावयाचे, म्हणजे समुद्राचा वारा आत येईल आणि रोग हटेल, हे त्याचे मुख्य सूत्र. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची अपत्ये. रस्ते चांगले झाले यात वाद नाही. परंतु ज्यांची घरे पाडली ते गेले कोठे, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा पुढच्याच गल्लीत मिळे: जेथे आठ माणसे राहत तेथे बारा राहू लागली. दाटी पाडली गेली नाही, सरकविली गेली. हिंदुस्थानातील बऱ्याच नगरपालिकांनी पुढे मुंबईचा हाच कित्ता गिरविला, आणि अजूनही काही ठिकाणी तो गिरविला जातो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या कित्त्याला विरोध करणारा माणूस म्हणून गेडिस यांचे महत्त्व आहे. त्यांचा जन्म १८५४ चा. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. डंडी येथील महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे तो विषय शिकविला. १८८६ साली आपल्या नवपरिणीत पत्नीसह ते एडिंबरोच्या जुन्या शहरातील एका पडक्या, गलिच्छ चाळवजा इमारतीत मुद्दाम राहावयास गेले, आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ती झाडली, रंगविली, खिडक्यांत फुलझाडे लावली. त्यांचे सारे नगरशास्त्र या शेजारधर्मातून निघालेले आहे. १९१४ साली मद्रासचे गव्हर्नर पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते जर्मन 'एम्डेन'ने बुडविले. मित्रांनी नवे नकाशे व चित्रे जमवून पाठविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांवर अहवाल लिहिले. त्यांत तंजावर आहे, बडोदे आहे, ठाणे आहे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले ते त्यांच्याच हातून, आणि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना विलायतेस अभ्यासासाठी पाठविण्यातही त्यांचाच हात होता.

त्यांच्या पद्धतीची दोन सूत्रे होती. पहिले, औषधापूर्वी निदान. नगररचनाकाराने आधी पायी हिंडावे, प्रत्येक विहीर, चौक, देऊळ, पिंपळाचा पार पाहावा, आणि मगच पेन्सिल हाती घ्यावी. दुसरे, अंग राखून शस्त्रक्रिया. एखादे पडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी, बोळाचा कोंडलेला तोंडवळा थोडा रुंद करावा, दोन झाडे लावावीत. पण वस्ती उठवू नये. तंजावरच्या किल्ल्यात, म्हणजे सरफोजीराजांच्या शहरात, त्यांनी एका आखीव सरळ रस्त्याच्या योजनेऐवजी अशीच योजना सुचविली आणि तिला खर्चही पुष्कळ कमी येईल हे दाखवून दिले. तळी बुजविण्यालाही त्यांचा विरोध असे. डासांची भीती असेल तर तळ्यात मासे आणि बदके सोडा, तळे कशाला बुजविता, असे त्यांचे म्हणणे. मुंबईत धोबीतलाव व गवालिया टँक ही नावे आहेत आणि तळी नाहीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या म्हणण्यातील मर्म समजेल.

१९१७ हे वर्ष गेडिस यांना व्यक्तिशः फार कठीण गेले. एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला, आणि दोन महिन्यांच्या आत पत्नी ॲना हिंदुस्थानातच आजाराने वारली. त्या दुःखातून उठून ते तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरात काम करू लागले. शहरात प्लेगचे भय होते. नकाशा घेऊन गल्लीबोळ पाहणारा हा साहेब दिसला की लोक घाबरून आत जात. हाच प्लेग घेऊन येतो, अशी वदंता पसरली होती. पुण्याच्या आठवणी इंदुरातील मराठी घरांपर्यंत पोचलेल्या असणारच; साहेब आला म्हणजे घर उपसले जाणार, हा तर्क काही अडाणी नव्हता.

या भयावर गेडिस यांनी जो उपाय केला तो त्यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीवरून आपल्याला कळतो. त्यांनी महाराजांकडे एका दिवसापुरते राज्य मागितले! महाराजांनी ते दिले. मग शहरात दवंडी फिरली की, यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण ती ठरलेल्या वाटेने न जाता, ज्या वाटेवरील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त करतील त्या वाटेने जाईल. केर फुकट नेला जाईल. झाले. गल्लीगल्लीत चढाओढ लागली. घरे झाडली, सारवली, रंगविली. वर्षानुवर्षांचे उकिरडे उपसले. सहा हजारांहून अधिक गाड्या केर शहराबाहेर गेला आणि उंदीर सापळ्यांनी पकडले गेले. पुण्यात वीस वर्षांपूर्वी जे काम सोजिरांच्या बुटांनी झाले नाही ते येथे मिरवणुकीच्या हौसेने केले.

मिरवणुकीची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. आघाडीला नेहमीप्रमाणे हत्ती, घोडे, उंट. मागून शेती, कापूस आणि उद्यम यांचे देखावे. नंतर वाद्यांचा सूर एकदम भेसूर होई आणि पडक्या घरांचे, दैन्याचे, रोगांचे, राक्षसांचे सोंग येई. त्यात गलिच्छ वस्तीचा रावण आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर. त्यापाठोपाठ थोडी जागा मोकळी सोडून शहराचे झाडूवाले येत. सारे पांढऱ्याशुभ्र वेषात, खांद्यावर कोऱ्या केरसुण्या, त्यांना फुले बांधलेली. गाड्या नव्याने रंगविलेल्या, बैल धुतलेले व सजविलेले. त्यांच्यामागून शहरातील अधिकारी व प्रतिष्ठित मंडळी, मग 'नगरदेवता' म्हणून एक नवीनच देवी, हाती शहराच्या नव्या नकाशाचा ध्वज घेतलेली; मग ग्रंथालय, संग्रहालय, नाट्यगृह, बागा व नवी घरे यांच्या प्रतिकृती, आणि शेवटी तुळशीची असंख्य रोपे, घरोघर वाटण्यासाठी. सायंकाळी रावण आणि उंदीर दोघांचेही दहन झाले.

रावण दसऱ्याचा की दिवाळीचा, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. मराठी घरातील दिवाळीला नरकासुर असतो आणि पहाटे पायाखाली कारीट फोडले जाते; साहेबांनी उत्तरेकडील रामकथा आणि दिवाळीची साफसफाई यांची सांगड घातली, आणि माळव्यातील मिश्र वस्तीला ती चालली. परंतु एका बाबतीत या परदेशी माणसाने आपल्या घरातील एक जुने कोडे नकळत उकलून समोर ठेवले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मराठी गृहिणी नवी केरसुणी आणते, तिला लक्ष्मी म्हणते, हळदकुंकू वाहते. जी वस्तू वर्षभर दाराआड उभी असते तिची त्या दिवशी पूजा होते. पण ती केरसुणी ज्याच्या हातात वर्षभर असते त्याला आपण कोठे उभे केले होते? इंदूरच्या त्या मिरवणुकीत केरसुणी आणि तिला धरणारा हात ही दोन्ही एकत्र सन्मानाने चालली, ही त्या दिवसातील सर्वांत मोठी गोष्ट आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुढे आयुष्यभर हाती खराटा घेऊन गावोगाव झाडीत गेलेल्या गाडगेबाबांनी हेच कोडे दुसऱ्या अंगाने उकलले.

आता या हकिकतीला थोडी गाळणी लावली पाहिजे. ती प्रामुख्याने गेडिस यांच्याच तोंडची आहे, आणि ते रंगवून सांगणारे गृहस्थ होते. प्लेग त्यानंतर हटला हे खरे धरले तरी प्लेगच्या साथीला स्वतःची ऋतुमाने असत, आणि साऱ्याच श्रेयाची माळ मिरवणुकीच्या गळ्यात घालता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुसऱ्या दिवशी ते शुभ्र वेष उतरले. त्या काळात मैला वाहून नेणे हे माणसांच्याच डोक्यावरचे काम होते, आणि एका दिवसाच्या फुलांनी ते उतरत नव्हते. त्या प्रथेस कायद्याने बंदी होण्यास १९९३ साल उजाडावे लागले, व २०१३ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला, यावरूनच तिची मुळे किती खोल होती हे दिसते.

अहवालातील विचारांचीही अशीच दोन बाजूंनी पारख केली पाहिजे. गेडिस यांनी नदीकाठ मोकळे करून तेथे सलग उद्याने करावीत, घाट दुरुस्त करावेत, तळी राखावीत असे सुचविले. जुन्या पेठांतील सरळ रस्त्यांच्या आखण्या त्यांनी मोडून काढल्या. घराच्या अंगणातील तुळशीवृंदावनाला तर त्यांनी नगररचनेत मानाचे स्थान दिले: ज्या घरात तुळस आहे तेथे मोकळी जागा, सूर्यप्रकाश, पाणी आणि रोज ती जागा सारवणारे हात असणारच, तेव्हा आरोग्यखात्याच्या तपासनिसापेक्षा ही तुळस अधिक जागरूक, असा त्यांचा आशय. वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर आणि गृहस्थाचे प्रेम या ठिकाणी एकत्र आले आहे. मात्र ज्यांच्या झोपडीला अंगणच नव्हते त्या गिरणीकामगाराची तुळस कोठे लावावयाची, हा प्रश्न उरतो. तो गेडिस यांच्या ध्यानात नव्हता असे नाही, कारण कामगारांसाठी नव्या वस्त्याही त्यांनी आखल्या. पण अंगणाचे तत्त्वज्ञान अंगण असणाऱ्याला लवकर पटते.

सांडपाण्याच्या प्रश्नावर ते इंजिनियरांशी कडाक्याने भांडले. सर्व घाण जमिनीखालील नळांतून गोळा करून शहराबाहेर लोटण्याची योजना फार खर्चाची आहे. जे नदीला विष ते बागेला खत, तेव्हा ते बागेकडे न्या, असा त्यांचा आग्रह. तत्त्वतः हे बरोबर होते. परंतु बागेकडे नेणारे हात कोणाचे, या प्रश्नाशी आपण पुन्हा येऊन थांबतो. नळांची योजना महाग असली तरी ती माणसाच्या डोक्यावरील पाटी उतरविणारी होती, आणि या एका मुद्द्यावर माझे मत इंजिनियरांच्या बाजूने पडते.

खताचा विचार मात्र इंदूरच्या मातीतच निराळ्या वाटेने फळास आला. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात वनस्पतिउद्योगसंस्था काढली. तेथे यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनी पालापाचोळा, शेण व काडीकचरा यांचे थर रचून, त्यांना वारा व पाणी देऊन उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३१ मध्ये दोघांनी मिळून तीवर पुस्तक लिहिले. 'इंदूर पद्धत' या नावाने ती देशोदेशी गेली. ज्या शहराने आपला केर नदीत टाकला त्याच शहराच्या नावाने जगाने केराचे खत करावयास शिकावे, हा योगायोग इतिहासाला शोभण्यासारखाच म्हणावयाचा!

दुसऱ्या एका मराठी राजधानीशी तुलना करणे येथे अप्रस्तुत होणार नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८८५ मध्ये आजव्याच्या सरोवराचे काम सुरू करविले आणि १८९२ पासून शहराला तेथले पाणी मिळू लागले. १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सबंध राज्याला लागू झाले. १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ झाला. हे सर्व वरून आले, दूरदृष्टीने आले आणि टिकले. गेडिस यांच्या मिरवणुकीपेक्षा आजव्याच्या पाण्याने अधिक प्राण वाचविले असतील यात मला शंका वाटत नाही. असे असूनही बडोद्याच्या उदाहरणाने प्रश्न पुरता सुटत नाही, कारण प्रत्येक नगराला सयाजीराव लाभत नाही, आणि लाभला तरी त्याच्यामागून दुसरा लाभेलच असे नाही. राजा गेल्यावर तळ्याची राखण करावयाची ती नगरवासीयांनाच.

इंदुरात नेमके तेच झाले नाही. १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. अहवाल दप्तरात राहिला. गंभीर नदीवर १९३९ मध्ये यशवंतसागर झाला, शहर वाढले, पाणी पुन्हा अपुरे पडले. अखेर १९७८ मध्ये सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, विंध्याची चढण चढवून नर्मदेचे पाणी आणावे लागले. त्यासाठी लोकांना चळवळ करावी लागली होती. २०११ च्या खानेसुमारीत वीस लाखांच्या घरात गेलेले हे शहर आज मुख्यतः दूरच्या नर्मदेवर जगते, आणि त्याच्या स्वतःच्या नद्या मधल्या काळात नाल्यांच्या पदवीस पोचल्या. ज्या काठावर गेडिस यांनी उद्याने पाहिली होती त्या काठाकडे घरांनी पाठ केली.

खान नदी इंदुरात संपत नाही; ती उत्तरेस उज्जैनपाशी क्षिप्रेला मिळते. त्यामुळे इंदूरने काय केले याचा हिशेब उज्जैनला द्यावा लागतो. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी क्षिप्रेच्या घाटांवर येऊ नये म्हणून ते बंद नळातून वळवून पुढे सोडण्यात आले, आणि क्षिप्रेत स्नानासाठी नर्मदेचे पाणी आणण्याची योजना तर २०१४ मध्येच चालू झाली होती. कालिदासाच्या नगरीत, क्षिप्रेच्या घाटावर, यात्रेकरू जे पाणी अंगावर घेतात ते नर्मदेचे असावे, ही काही साधी गोष्ट नव्हे. एका शहराने आपल्या लहान नदीची हेळसांड केली म्हणून दोन शहरांना एक मोठी नदी डोंगरावर चढवावी लागली.

अलीकडच्या काळाने या प्रकरणाला आणखी एक अध्याय जोडला. केंद्र सरकारच्या स्वच्छता-सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ सात वर्षे देशात पहिले आले. शेवटच्या वर्षीचा मान सुरतेबरोबर वाटून. सुरतेतही १९९४ मध्ये प्लेग झाला होता आणि तेथील सुधारणेला त्यातूनच चालना मिळाली, हे लक्षात घेतले म्हणजे या जोडीचे नवल वाटत नाही. इंदुरात ओला व सुका केर घरातच वेगळा होतो, दारात गाडी येते, आणि ओल्या केरापासून इंधनवायू करणारा रोज साडेपाचशे टन क्षमतेचा कारखाना २०२२ पासून चालू झाला आहे. गल्लीगल्लीत चढाओढ लावून दिली की लोक आपण होऊन झाडू हाती घेतात, हे गेडिस यांचे सूत्र येथे शंभर वर्षांनी खरे झाले. मात्र मिरवणूक ज्या वाटेने जाते ती वाट स्वच्छ होते. जमिनीखालचा नळ आणि पुलाखालची नदी या वाटेत येत नाहीत. रस्ता सर्वांना दिसतो म्हणून त्याला बक्षीस मिळते; पाणी पिणाऱ्याला त्याचा दोष दुसऱ्या दिवशी कळतो. राजवाड्यासमोरील फरसबंदीवर काडी पडलेली नाही म्हणून आनंद मानणाऱ्याने तेथून थोडेच अंतर चालून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी थांबावे आणि खाली पाहावे.

या कामी शिक्षकांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. गेडिस यांच्या मते नगराची पाहणी हा शाळेचाच विषय होता; पुस्तकाआधी पायवाट, असा त्यांचा क्रम. इंदूरमधील शाळांनी वरच्या वर्गातील मुलांना अहवालातील नकाशाची प्रत हाती देऊन खान-सरस्वतीच्या संगमापासून छत्र्यांपर्यंत एकदा पायी न्यावे. १९१८ मध्ये नकाशात दाखविलेला घाट आज आहे काय, विहीर कोठे गेली, तळ्याचे मैदान कधी झाले, सांडपाणी कोठे मिळते, काठावर कोण राहतात व ते पाणी कोठून भरतात, हे मुलांनी स्वतः लिहून आणावे. अशीच पाहणी बडोद्याच्या मुलांना सूरसागराभोवती आणि ठाण्याच्या मुलांना त्यांच्या तळ्यांभोवती करता येईल. त्या वह्या साहित्यसंस्थांनी जमवून आपल्या दप्तरी ठेवाव्यात, आणि अहवालाचे नदी व तळी यांविषयीचे भाग मराठीत आणून त्यांच्या शेजारी ठेवावेत. दर पाच वर्षांनी नवी मुले तीच वाट चालून नव्या वह्या त्यांत घालतील.